चातुर्मासाचा नेम आणि घरचा जमाखर्च

आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतच्या चार महिन्यांत काहीतरी वर्ज्य करावयाचे किंवा काहीतरी नित्य आचरावयाचे, असा नेम धरण्याची रीत महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. कोणी कांदा, लसूण आणि वांगे सोडी. कोणी एकभुक्त राही. कोणी मौनाने जेवी. कोणी धातूचे ताट बाजूस ठेवून पळसाच्या पत्रावळीवर अन्न घेई. ह्या नेमांमागील श्रद्धेचा विचार येथे कर्तव्य नाही. माझे लक्ष त्यांच्या रचनेकडे आहे, कारण निसर्गावरील आपला भार हलका करणाऱ्या सवयी अंगी कशा बाणवाव्यात, ह्या प्रश्नाशी आज सुशिक्षित गृहस्थ झगडतो आहे, आणि त्याला हवी असलेली पुष्कळशी सामग्री ह्या जुन्या रचनेत तयार आहे, असे माझे निश्चित मत झाले आहे.

किंबहुना चातुर्मासाचा आणि सृष्टीच्या रक्षणाचा संबंध मी आज ओढून ताणून लावतो आहे, असेही नाही. बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासाचे कारण विनयपिटकातील महावग्गात सांगितले आहे: भिक्षू पावसाळ्यातही भटकतात, हिरवे अंकुर तुडवतात आणि लहानसहान जीवांचा घात करतात, अशी लोकांनी तक्रार केली, आणि तेव्हा पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला गेला. जैन साधुसाध्वी ह्याच विचाराने आजही चातुर्मासात विहार थांबवतात. कान्हेरीच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंच्या लेण्यालेण्याजवळ खोदलेल्या पाण्याच्या पोढी पाहिल्या म्हणजे, एके जागी राहावयाचे तर पाणी साठवून आणि जपून वापरले पाहिजे, ही जाणीव त्या काळी किती पक्की होती, ह्याची साक्ष पटते.

आता आजच्या संकल्पांकडे पाहू. केंद्र शासनाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातेतील एकतानगर येथे पर्यावरणानुकूल जीवनशैलीचे जे अभियान आरंभिले, त्यात नागरिकांनी कराव्यात अशा ७५ कृतींची यादी दिली आहे. आपल्या राज्यातही २ ऑक्टोबर २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान चालू आहे आणि त्यातही शपथ घेण्याची सोय आहे. ह्या याद्या विचारपूर्वक केलेल्या आहेत आणि त्यांचा उपयोगही आहे. परंतु यादी हा नेम नव्हे. पंचाहत्तर गोष्टी एकाच सकाळी मनावर घेणाऱ्या मनुष्याची अवस्था अशी होते की, पहिल्या आठवड्यात त्याचा उत्साह सर्व कलमांवर सारखा वाटला जातो, दुसऱ्या आठवड्यात कोणते कलम पाळले आणि कोणते राहिले ह्याचा हिशेब लागेनासा होतो, आणि महिनाअखेर सर्व यादीच विस्मरणात जाते. ‘मी निसर्गाची काळजी घेईन’ ह्या वाक्यात मोडण्यासारखे काहीच नसते, म्हणून पाळण्यासारखेही काही नसते. ‘कार्तिकी एकादशीपर्यंत मी वांगे खाणार नाही’ ह्या वाक्यात वस्तू मुक्रर आहे, मुदत मुक्रर आहे, आणि ते पाळले की मोडले ह्याविषयी घरातल्या लहान मुलालाही शंका राहत नाही.

सवय कशी जडते ह्याचे अलीकडील एक संशोधन ह्या संदर्भात फार उद्बोधक आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना प्रत्येकी एकच साधी गोष्ट निवडावयास सांगितली. दुपारच्या जेवणाबरोबर एखादे फळ खावे, न्याहारीनंतर चालावे, अशा स्वरूपाची. आणि ती रोज एका ठरावीक प्रसंगास जोडून १२ आठवडे करावयास लावली. ती गोष्ट किती आपोआप घडू लागली आहे ह्याची नोंद ते रोज करीत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात असे आढळले की, कृती अंगवळणी पडण्यास मध्यमानाने ६६ दिवस लागतात. मात्र माणसामाणसांत आणि कृतीकृतींत अंतर मोठे, म्हणजे १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होते, आणि नोंदी ८४ दिवसांच्याच असल्यामुळे ह्यांतील मोठे आकडे गणिताने पुढे वाढवून काढलेले होते. आता चार चांद्रमासांचे दिवस मोजले तर ते सुमारे ११८ भरतात. इंग्रजी नववर्षाच्या आरंभी एकवीस किंवा तीस दिवसांची जी आव्हाने स्वीकारली जातात, ती बहुधा सवयीची मुळे धरण्यापूर्वीच संपतात. चातुर्मासाची मुदत मात्र त्या मध्यमानाच्या जवळजवळ दुप्पट आहे. ह्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मला अधिक दिलासा देणारा वाटतो: एखाद्या दिवशी खंड पडला तर सवय जडण्याच्या क्रमात म्हणण्यासारखा अडथळा येत नाही. आपल्याकडे प्रवासात किंवा आजारपणात नेम चुकला तर दुसऱ्या दिवशी तो पुढे चालू करण्याची मोकळीक असे. एका चुकीने सर्व संपले, असे वडीलधारी माणसे मानीत नसत.

पीटर गोलवित्झर ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली मांडलेला विचारही येथे जोडावा. ‘अमुक प्रसंग आला की मी अमुक करीन’, अशी प्रसंग आणि कृती यांची गाठ आधीच बांधून ठेवली तर केवळ इच्छेपेक्षा आचरण अधिक घडते, असे त्याचे प्रतिपादन आहे. ‘मी वीज वाचवीन’ ह्याऐवजी ‘खोलीतून शेवटचा बाहेर पडताना उंबऱ्याशी आलो की पंख्याच्या बटणाकडे हात जाईल’, असा नेम धरावा. उंबरा रोज भेटतोच, त्यामुळे आठवण ठेवण्याचे काम त्याच्याकडे सोपवता येते.

सर्वच एकदम सोडण्याचे प्रयोगही झालेले आहेत. न्यूयॉर्कच्या कोलिन बीव्हन ह्या लेखकाने २००६ च्या अखेरीपासून वर्षभर पत्नी आणि लहान मुलीसह, पर्यावरणावर शक्य तितका कमी भार टाकून राहण्याचा प्रयत्न केला. त्याने उद्वाहन सोडले, दुरून येणारे अन्न सोडले, आणि पुढे घरातील विजेचा पुरवठाही बंद केला. ह्या साहसाविषयी मला आदर आहे. त्याने अनेकांना विचारास प्रवृत्त केले. पण त्यातही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्याने एकेक टप्पा घेतला: आरंभ कचऱ्यापासून, विजेची पाळी बरीच उशिरा. दुसरा, अधिक सामान्य माणसांना झेपणारा प्रयोग ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात २०११ साली सुरू झाला; जुलै महिनाभर एकदाच वापरून फेकावयाचे प्लॅस्टिक टाळावयाचे, एवढाच तो संकल्प, आणि तो पुढे अनेक देशांत पसरला. आपला आषाढही बहुधा जुलैतच येतो, हा योग मनोहर आहे.

आता कोणता नेम धरावा, हा खरा प्रश्न. ह्या ठिकाणी माझा आग्रह असा की, नेम धरण्यापूर्वी पंधरा दिवस घरची रोजकीर्द ठेवावी. विजेच्या मीटरचे आकडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख, केराच्या बादलीचे वजन, आणि वाहनात भरलेले पेट्रोल, एवढ्या चारच नोंदी पुरेत. कारण जे डोळ्यांना टोचते ते वजनाने जड असतेच, असे नाही. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो वायू असतो, आणि तो जळल्यावर सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक लिटर पेट्रोल जळल्यास सुमारे २.३ किलो जातो. आपल्याकडील वीज अद्याप मुख्यत्वे कोळशावर निर्माण होत असल्यामुळे एका युनिटमागे सरासरीने सुमारे ०.७ किलो धरावा लागतो. छतावरचा जुना पंखा ७५ वॅट घेतो आणि नव्या ब्रशविरहित मोटरीचा पंखा सुमारे ३० वॅट. दिवसाचे बारा तास तो फिरला तर चातुर्मासात सुमारे ६४ युनिटांचा फरक पडतो, म्हणजे एका पंख्याने जवळजवळ एका गॅसच्या टाकीइतका कार्बन वाचवला. वीस लिटर पाण्याची बादली स्नानापुरती ऊन करण्यास सुमारे ०.४ युनिट लागते. ह्या आकड्यांशेजारी दुकानदाराने दिलेली पातळ पिशवी ठेवली तर तिच्या निर्मितीतील कार्बन अगदी अल्प भरतो.

म्हणून पिशवी निरुपद्रवी ठरते काय? मुळीच नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली, तेव्हा तुंबलेल्या गटारांत ह्याच पिशव्यांचा भरणा होता, आणि २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, तीही हवेतील कार्बनच्या कारणाने नव्हे. पिशवीचा अपराध गटारात, नदीत आणि गाईच्या पोटात मोजावयाचा. पंख्याचा आणि गिझरचा अपराध हवेत मोजावयाचा. दोन्ही हिशेब एकाच खात्यात मांडले की गोंधळ होतो, आणि कापडी पिशवी खांद्यावर टाकलेला सज्जन गृहस्थ आपण सर्व देणे फेडले, अशा समाधानात दिवसभर गिझर चालू ठेवतो. कापडी पिशवीविषयीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कापूस पिकविण्यास पाणी, खत आणि औषधे लागतात. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार नवीन सुती पिशवी केवळ हवामानाच्या दृष्टीने प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीस आणावयाची तर ती सुमारे ५२ वेळा वापरावी लागते, आणि इतर सर्व परिणाम धरले तर ही संख्या हजारांत जाते. प्रत्येक समारंभात मिळालेल्या नव्या कापडी पिशव्यांचा ढीग घरात साठवणे हा निसर्गाचा सन्मान नाही. जुन्या लुगड्याची किंवा चादरीची एकच पिशवी शिवून ती झिजेपर्यंत वापरावी. आपल्या आज्या हेच करीत.

मला विचाराल तर पहिल्या चातुर्मासासाठी सर्वांत योग्य नेम ओल्या कचऱ्याचा. चार माणसांच्या शहरी घरातून रोज साधारण किलोभर ओला कचरा निघतो: भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, आणि लज्जास्पद म्हणावे असे उरलेले अन्न. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातील घरांमध्ये माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते, असा अंदाज दिला आहे. हा कचरा सुक्या कचऱ्यात मिसळून गाडीत पडला की पुढे कचऱ्याच्या डोंगरात दबला जातो. तेथे प्राणवायू पोहोचत नाही, म्हणून वेगळ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात आणि मिथेन वायू तयार होतो, ज्याची उष्णता अडवण्याची शक्ती शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. मुंबईतील देवनारच्या १९२७ पासून वापरात असलेल्या कचराभूमीस जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली. पुण्याच्या कचऱ्याचा भार वर्षानुवर्षे सोसलेल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी आंदोलने केली, ती का केली हे त्या गावांच्या वाऱ्याची दिशा ठाऊक असलेल्यास विचारावे लागत नाही. आपल्या स्वयंपाकघरातील सालींचे ओझे दुसऱ्याच्या विहिरीशी नेऊन टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणत्या सनदेने मिळाला?

खत करण्याची कृती अवघड नाही, मात्र तिचे मर्म कळले पाहिजे. जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन हे दोन्ही लागतात, आणि कार्बनचे प्रमाण नायट्रोजनच्या साधारण तीसपट असले म्हणजे त्यांचे काम सुरळीत चालते. स्वयंपाकघरातील सालींत नायट्रोजन आणि पाणी अधिक, वाळलेल्या पानांत कार्बन अधिक; म्हणून ओल्या थरावर सुक्या पानांचा थर दिलाच पाहिजे. बादलीला भोके असावीत, तळाशी पाणी निथळण्याची वाट असावी, आणि दोन-तीन दिवसांनी कालवाकालव करावी, म्हणजे हवा खेळती राहते. कुजकट वास आला तर हवा कमी पडते आहे असे समजावे. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पाने कमी पडली असे समजावे. पावसाळ्यात ह्या नेमाची परीक्षा होते, कारण तेव्हा कोरडे पानच मिळत नाही. जाणते लोक फाल्गुन-चैत्राच्या पानगळीतच पोती भरून ठेवतात. ज्यांनी ती ठेवली नसतील त्यांनी लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा चुरा आणावा. श्रावणाच्या सुमारास बादलीत करड्या, जाडसर अळ्या दिसू लागतात आणि पुष्कळ उत्साही माणसे तेथेच नेम सोडतात. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात. ती माशी घरमाशीप्रमाणे अन्नावर बसून रोग पसरवीत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने फस्त करतात. त्यांना हाकलू नये, सुक्या पानांचा थर वाढवावा आणि झाकण नीट लावावे. भाद्रपद संपेपर्यंत पहिल्या बादलीतील माल गडद तपकिरी होतो, त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो, आणि मूळ वजनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतके खत हाती लागते.

ओले वेगळे झाले की सुके आपोआप स्वच्छ राहते, आणि ह्याचा सर्वांत मोठा लाभ ज्यांच्या हातांनी ते पुढे वेचले जाते त्यांना होतो. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना संघटित केले, आणि त्यातूनच २००८ साली उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महानगरपालिकेच्या करारान्वये दारोदारचा कचरा उचलते. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे वेचणाऱ्या बाईला ते उघडून पाहावे लागणार नाही, ही त्या संस्थेच्या मोहिमेतील विनंती. एक लाल ठिपका काढण्यास काही क्षण लागतात. ज्याला ओल्या कचऱ्याचा नेम झेपत नसेल, त्याने निदान एवढा तरी धरावा.

पाण्याचे थोडक्यात सांगतो. फवाऱ्याखाली मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी जाते, बादलीत वीस लिटरांत स्नान होते. आणि घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाजूला सोडते, ते फरशी पुसण्यास किंवा शौचकूपात वापरता येते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे ज्यांना आठवते त्यांना अधिक समजावण्याची गरज नाही.

एका गोष्टीविषयी मात्र स्पष्ट बोलणे मी माझे कर्तव्य समजतो. जुन्या घरांत चातुर्मासाचे नेम बहुतांशी बायका पाळीत, आणि पुरुषाने धरलेल्या नेमाचाही व्याप स्वयंपाकघरातच वाढे. त्याचे एकभुक्त म्हणजे तिने वेगळा रांधलेला पदार्थ. आजच्या पर्यावरणानुकूल घरातही हेच घडताना दिसते: कल्पना यजमानांची, वर्गीकरण गृहिणीचे, आणि अळ्यांची बादली धुण्याचे काम घरकाम करणाऱ्या बाईकडे. हा नेम नव्हे, ही दुसऱ्यावर काढलेली हुंडी आहे. ज्याने संकल्प केला त्याच्याच हातांनी तो पार पडावा, ही अट पहिल्या दिवशीच घालून घ्यावी.

एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. व्यक्तीच्या कार्बनचा हिशेब मांडण्याची कल्पना सर्वसामान्यांत रुजविण्यात ब्रिटिश पेट्रोलियम ह्या खनिज तेलाच्या कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता. म्हणजे ज्यांनी तेल विकले त्यांनीच ग्राहकाला त्याच्या घरातील दिवे मोजावयास बसविले. शिवाय भारतीयाचे वार्षिक उत्सर्जन माणशी सुमारे दोन टन, म्हणजे जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. मग आपण का झिजावे? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. विजेचे कारखाने, रेल्वे, शहरांची रचना आणि कायदे ह्यांनीच मोठा फरक पडणार, ह्यात शंका नाही. तथापि दोन टन ही सरासरी आहे; वातानुकूलित खोलीत झोपणाऱ्या, मोटारीने कामाला जाणाऱ्या आणि विमानाने सहलीस जाणाऱ्या कुटुंबाने कोकणातल्या एखाद्या वाडीवरील शेतमजुराच्या सरासरीआड उभे राहणे न्याय्य नाही. आणि दुसरे असे की, नेम धरणाऱ्या माणसाला मागणी करण्याचे बळ येते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा वेगळा करून देणे नागरिकावर आणि तो वेगळा उचलणे नगरपालिकेवर, अशी दोन्ही बाजूंस जबाबदारी टाकली. ज्याने चार महिने आपली बाजू सांभाळली, तोच वॉर्ड ऑफिसात जाऊन, गाडीत दोन्ही कचरे पुन्हा एकत्र का होतात, असा सवाल करू शकतो. आणि त्याच्या अर्जाला वेगळे वजन असते.

कार्तिकी एकादशी झाली की नेमाचे उद्यापन करावयाचे, म्हणजे सोडलेली वस्तू प्रथम दान देऊन मग स्वतः घ्यावयाची, असा शिरस्ता आहे. आपल्या नेमाचे उद्यापन खतावणी मांडून करावे. येथे एक सावधगिरी हवी: आषाढातील वीजबिलाची तुलना वैशाखातील बिलाशी करू नये, कारण उन्हाळ्यात पंखे आणि कूलर अधिक चालतात आणि नेमाशिवायही आकडा उतरतोच. तुलना मागील वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यामुळे बिले जपून ठेवली की झाले. घरात पाहुणे राहिले असतील, मूल जन्मले असेल, तर तेही नोंदवावे, म्हणजे आकड्यावर अन्याय होणार नाही. जे सहज अंगवळणी पडले असेल ते नेमाच्या यादीतून काढून टाकावे, कारण त्याला आता नेमाची आवश्यकता नाही. जे चार महिने रोज ओढूनताणून करावे लागले त्याची वेळ, जागा किंवा पद्धत बदलून पुढच्या वर्षी पुन्हा पाहावे. आणि तयार झालेले खत इमारतीच्या आवारातील झाडांना घालताना शेजाऱ्यांसमोर सोसायटीच्या सामाईक खड्ड्याचा विषय काढावा. गांडूळखत, पर्जन्यजलसंचय आणि सौरऊर्जा ह्यांसाठी पुणे महानगरपालिका मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. सर्वसाधारण सभेत कोषाध्यक्ष पहिला प्रश्न खर्चाचाच विचारणार, तेव्हा हा आकडा आणि आपली चार महिन्यांची रोजकीर्द दोन्ही बरोबर न्यावीत.